वाण द्यायचं, पण दुकानात न जाता

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला वाटलेले प्लॅस्टिकचे डबे-वाट्या अनेक घरांत माळ्यावरच पडून राहतात. त्याऐवजी विदर्भातल्या मोहाडी परिसरात घरातूनच देण्यासारखं पुष्कळ आहे.

● जपलेला कोसा : मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या अळीच्या कोषातून कोसा रेशमाचा धागा निघतो. याच धाग्यातून विणलेल्या आणि काठावर करवतीसारखे दाते असलेल्या विदर्भाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन आहे. आईची अशी साडी लेकीला द्या. सुती कापडात गुंडाळा आणि मधूनमधून घडी बदला, म्हणजे रेशीम घडीवर चिरत नाही.

● साडी विरली असेल तर : काठ सोडवून नव्या पोलक्याला लावा.

● बाळंतविडा : धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचं झबलं, टोपडं आणि दुपटं शिवा. बाळाच्या अंगाला ते टोचत नाही.

● गोधडी : घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या कपड्याचा एकेक तुकडा जोडा. सासरी निघालेल्या मुलीसोबत सगळं घर जाईल.

● बियाण्याची पुरचुंडी : परसातल्या वाल, दोडका, भोपळ्याचं बी राख लावून ठेवा आणि चिंधीत बांधून द्या. पावसाळ्यात घेणारीच्या मांडवावर तुमचा वेल चढेल.

● वेळ : शेजारच्या आजीला एक दिवस दवाखान्यात न्या. या भेटीला वेष्टन लागत नाही.

ब्लाउजपीसचीच गाठ मारून भेट बांधा, चमकी कागद नको. देणाऱ्याचा हात लागलेली वस्तू सहसा कुणी माळ्यावर टाकत नाही.