साठ दिवसांवरून दहा दिवसांवर : बांधकाम परवानगीचा मागोवा

घर बांधायचे तर आधी नगरपालिकेत अर्ज टाकायचा, ही रीत राज्यभर एका चौकटीत आणली ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 ने. कलम 44 खाली अर्ज, कलम 45 खाली मंजुरी किंवा नकार. निर्णयाला साठ दिवसांची मुदत. तेवढ्यात उत्तर आले नाही आणि नकाशा नियमात बसत असला, तर परवानगी मिळाली असे मानायचे. तरतूद नागरिकाच्या बाजूची होती. पण त्रुटीचे पत्र आले की त्याच्या उत्तरापासून साठ दिवस नव्याने मोजले जात. त्यामुळे हेलपाटे काही चुकले नाहीत.

त्या काळचा नकाशा हाताने उतरायचा. ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारायच्या, प्रिंट काढायच्या आणि त्या रंगवायच्या. भूखंडाची हद्द जाड काळी, नवे बांधकाम लाल, पाडायचे ते पिवळे, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेषेत. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, गरजेनुसार बिनशेतीचा आदेश. सामासिक अंतर पाव मीटरने कमी भरले तरी फाईल शेरा घेऊन परत यायची. त्रास व्हायचा, पण त्या पाव मीटरवर शेजारच्या स्वयंपाकघरातला उजेड आणि वारा अवलंबून असायचा.

पुढे संगणक आला. ऑटोडीसीआरसारख्या प्रणाली नकाशातले चटई क्षेत्र आणि अंतरे स्वतः मोजू लागल्या. तरी गावागणिक नियम वेगळे होतेच. डिसेंबर 2020 मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि मुंबईसारखे मोजके अपवाद वगळता बहुतेक राज्याला एकच नियमपुस्तक मिळाले. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक तज्ज्ञाने प्रमाणित केलेला नकाशा आणि शुल्क दाखल केले की पोच हीच परवानगी. तीनशेपर्यंत दहा दिवसांत निर्णय. लहान घर बांधणाऱ्या माणसावर शासनाने टाकलेला हा विश्वास मला मोलाचा वाटतो.

मात्र मंजुरी हा या कामाचा अर्धाच भाग. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा परिसरात उभी राहत असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. कामाच्या जागी वेळीच कुणी उभे राहून काम थांबवले नाही, की असे होते. त्यासाठीच तर जोते तपासणी आहे: भिंती उठण्याआधी फीत लावून मंजूर नकाशा आणि जमिनीवरचे काम ताडून पाहायचे. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. आजही कितीतरी कुटुंबे ते हातात नसताना राहायला जातात आणि पुढे नळजोडणी, कर्ज, विक्री या प्रत्येक टप्प्यावर अडतात.

साठ दिवसांचे दहा दिवस झाले, ही मोठी कमाई आहे. कागदावर वाचलेला हा वेळ आता जागेवरच्या तपासणीला दिला पाहिजे. ज्या अभियंत्याच्या सहीवर परवानगी मिळते, त्याने जोत्यावर जाऊन फीत लावलीच पाहिजे. आणि घरमालकाने भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय सामान हलवू नये.