सुईवरची श्रद्धा आणि विडीचा धूर

कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांतून डॉक्टरची पारख एका प्रश्नावर होते, ‘सुई दिली का?’ नुसत्या गोळ्या लिहून देणाऱ्याची फी जिवावर येते. सुई टोचली की गुण येणारच अशी खात्री वाटते. म्हणूनच ‘एका इंजेक्शनात सिगरेट बंद’ असे कोणी सांगितले की ते चटकन पटते. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते. सुई एकदा डोळे मिटून सोसली की झाले. विडी ओढणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला आणखी काय हवे?

पण अशी सुई आहे का? अमेरिकेतील काही दवाखान्यांनी यासाठी ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन या औषधांची इंजेक्शने दिली. नावे परकी असली तरी औषधे आपल्या ओळखीची आहेत. बांधावरच्या धोतऱ्यात ही द्रव्ये असतात. कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याला सरकारी दवाखान्यात ॲट्रोपिन टोचतात, आणि तेथे ते जीव वाचवते. सिगरेट सोडवण्यासाठी मात्र या औषधांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता नाही आणि ती उपयोगी पडतात याचा भक्कम पुरावाही नाही. उलट तोंडाला कोरड पडते, नजर धूसर होते, लघवी अडू शकते, वयस्कर माणसाला भ्रम होऊ शकतो. काचबिंदू असलेल्याला तर ती धोक्याचीच.

दुसरी सुई लशीची. धूर ओढल्यावर काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचते; त्याला रक्तातच अडवावे, अशी ही कल्पना. ‘निकव्हॅक्स’ या लशीच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०११ मध्ये लागले. खरी लस घेतलेले आणि लुटुपुटीची सुई घेतलेले यांच्यात फरक दिसला नाही.

यात केवळ पैसे जातात असे नाही. ‘माझी तर इंजेक्शनानेही सुटली नाही,’ असे म्हणून माणूस प्रयत्नच सोडून देतो, हे नुकसान मोठे. वास्तविक व्यसनातून सुटलेल्या अनेकांनी आधी दोन-चार वेळा विडी सोडून पुन्हा धरलेली असते.

खरा आधार कसा असतो, हे कर्जतकराला वेगळे सांगायला नको. बोरघाट चढण्यापूर्वी कर्जतला अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. ‘बँकर’ असे त्यांना म्हणतात. घाट संपला की ती सुटतात आणि गाडी आपल्या इंजिनावर पुढे जाते. औषधांच्या दुकानात मिळणारे निकोटीनचे च्युइंगम हे असेच बँकर. तलफ आली की सावकाश चावायचे, झणझणले की गालात धरायचे, आणि दोन-तीन महिन्यांत कमी करत थांबवायचे. गरोदर बाईने आणि हृदयरोग्याने आधी डॉक्टरांना विचारावे. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. चढ फार लांबचा नसतो. पहिला आठवडा सर्वांत अवघड जातो, मग महिन्याभरात ओढ सैलावते. एकेक तलफ तर काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ घरच्यांनी टोमणा न मारता चार गोष्टी बोलाव्यात.

बोलायला घरात कोणी नसेल तर सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे : १८००-११-२३५६. हा क्रमांक २०१८ पासून पाकिटावरच छापला जाऊ लागला. पण टपरीवर सुटी सिगरेट घेणाऱ्याला पाकीट दिसणार कसे? महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण समजायला हरकत नाही.

‘विडी हलकी असते,’ हाही एक गैरसमज. पानात वळलेली विडी विझू नये म्हणून ती वरचेवर, जोराने ओढावी लागते, आणि धूर छातीत अधिकच जातो.

राहता राहिला ज्येष्ठांचा प्रश्न : ‘आता या वयात सोडून काय मिळणार?’ ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच सवयींवर ५० वर्षे नजर ठेवून रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्याचे उत्तर दिले. तिशीत सोडली तर सुमारे दहा वर्षे वाचतात, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडली तरी तीन. नातवाचा हात धरून त्याला शाळेत पोचवायला तीन वर्षे काही थोडी नाहीत.