आधी थर्मामीटर, मग पंचनामा

जून 2011 मध्ये खालापूरजवळच्या एका रिसॉर्टवर रायगड पोलिसांनी छापा घातला, तीनशेच्या आसपास लोकांना ताब्यात घेतले आणि रक्त-लघवीचे नमुने तपासणीला पाठवले. तेव्हापासून कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवरची रेव्ह पार्टी म्हटली की आपल्याला छापा, नमुने आणि अहवालच आठवतो. न्यायालयाला ते लागतेच. पण अशा पार्टीत एखादा पोरगा तापून बरळू लागला, तर लघवीच्या अहवालाचा त्याला काडीचाही उपयोग नाही. त्याच्या अंगातला ताप कोण किती लवकर मोजतो आणि उतरवतो, यावर पुढचे बरेच काही ठरते.

एक्स्टसी असो वा मेफेड्रोन, म्हणजे आपल्याकडचे ‘एमडी’, दोन्ही मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांना उसळी देतात. माणूस तासन् तास नाचतो, स्नायू उष्णता तयार करत राहतात आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसल्याने ती बाहेर पडत नाही. त्यात पावसाळ्याची दमट हवा. घाम येतो, सुकत मात्र नाही. तापमान 40 अंशांवर राहिले तर स्नायूंची मोडतोड होते, मूत्रपिंडे निकामी होतात, रक्त गोठण्याचे गणित बिघडते. हा संसर्गाचा ताप नव्हे, म्हणून पॅरासिटामॉल इथे कुचकामी. कपडे काढून अंगावर पाणी, पंखा, बर्फ, आणि जोडीला मिडाझोलाम किंवा लोराझेपामसारखे शामक हा खरा उपचार. दोरीने बांधलेला रुग्ण झगडतो आणि आणखी तापतो. यातले नवीन काही नाही: एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा अंग थंड करण्याची तातडी याच जिल्ह्याने पाहिली.

पोटात काय गेले हे कळल्याशिवाय औषध कसे द्यायचे, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण लघवीच्या झटपट पट्टीवर मेफेड्रोन सहसा दिसत नाही आणि जीएचबीही दिसत नाही; शिवाय पट्टी कालचे सेवन आजचे म्हणून दाखवू शकते. रुग्णाचे शरीर अधिक खरे बोलते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास मंद असेल तर ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय नशा. तिथे नॅलोक्सोनचा उतारा आणि श्वासाला आधार. छातीत दुखत असेल तर कोकेनची शंका घेऊन ईसीजी काढावा आणि बीटा-ब्लॉकर टाळावेत. आकडी आली तर साखर आणि सोडियम तपासलेच पाहिजे. 1995 मध्ये इंग्लंडमध्ये एक्स्टसी घेतलेली एक 18 वर्षांची मुलगी अल्पावधीत कित्येक लिटर पाणी प्यायल्याने, सोडियम घसरून मेंदूला सूज आल्याने दगावली. तापलेल्या, भ्रमिष्ट पोराला तांब्यामागून तांब्या पाजण्याची आपली माया इथे घात करते. पाणी अंगावर हवे. बेशुद्धाला लिंबू-मीठ पाजणे तर सरळ फुफ्फुसात ओतणे. त्याला कुशीवर वळवून 108 ला फोन करावा.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: असे उपचार दिले तर नशेला अभय मिळेल. अभय नव्हे, उपचार मिळेल. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले, की आधी जीव वाचवा, कायदेशीर सोपस्कार नंतर. पोलिसांना कळवणे आणि नोंद हे व्हायचेच. पण डॉक्टरने ‘काय घेतलेस’ हे दरडावून विचारले, तर सोबतचे मित्र खोटे बोलतात किंवा गेटवरूनच पळतात, आणि कळण्यासारखे होते तेही बुडते. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या 64-अ कलमाची सवलत स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला आहे. 108 ला फोन करणाऱ्या घाबरलेल्या मित्राचा त्यात उल्लेखही नाही. ही फट संसदेने भरायची आहे. रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या ट्रॉलीत चालू थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि मिडाझोलाम आहे की नाही, हे पाहायला मात्र कुठल्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.