पुढल्या आसाची गळती आणि टायरांची निवड

दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेल्या विलिस जीपची जुळणी स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत सुरू केली, आणि त्या वंशातील, चारही चाकांना गती देणाऱ्या गाड्या कोकणच्या व घाटमाथ्याच्या चिखलवाटांवर पुढे कित्येक दशके राबल्या; काही अद्यापही राबत आहेत. अशा गाडीच्या पुढल्या चाकाखाली सकाळी तेलाचा डाग दिसला, की मालक ती तडक गॅरेजात नेतो, ऑइल सील बदलून घेतो आणि तोच डाग पुन्हा उमटला म्हणजे मिस्त्रीला बोल लावतो. माझे मत असे, की सील बदलण्यापूर्वी ते निकामी कशाने झाले याची रीतसर चौकशी व्हावी, आणि त्या चौकशीत टायरांचीही जबानी घेतली जावी.

प्रथम गळणारा द्रव कोणता, हे ठरवावे. डिफरन्शियलमधील नव्वद नंबरचे गिअर ऑइल दाट असते व त्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे त्याला उग्र दर्प येतो. ब्रेक ऑइल पातळ असून गाडीचा रंग उतरविते; ते चाकाच्या आतल्या अंगाला आढळले, तर अन्य सर्व विचार तहकूब करून गाडी जागच्या जागी उभी ठेवावी. धावत्या गाडीचे तेल वाऱ्याने दूरवर पसरते, म्हणून डागाची जागा हाच उगम मानू नये. आस पुसून कोरडा करावा, थोडी रपेट करावी आणि ओलाव्याची सर्वांत वरची जागा शोधावी.

या जीपमध्ये आसाच्या टोकाचा वळता सांधा एका पोकळ गोलकात बंद असून त्यात ग्रीस असते. नळीच्या आतील सील झिजले, की डिफरन्शियलचे तेल त्या गोलकात उतरते, ग्रीसला पातळ करते, आणि बाहेरच्या नमद्याच्या कड्यातून ते मिश्रण ठिबकू लागते. बाहेरचे कडे बदलून हा रोग जात नाही. गोलकाचा पृष्ठभाग गंजून खरबरीत झाला असेल, किंवा किंगपिनच्या बेअरिंगांत खेळ असेल, तर नवे कडेही लौकरच फाटते. सबब चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहणे अगत्याचे. याहून दुर्लक्षित भाग म्हणजे आसावरील ब्रीदर. ते इवलेसे छिद्र चिखलाने बुजले, की तापलेल्या आसातील हवेला वाट उरत नाही आणि ती सीलच्या कडेतून तेल बाहेर ढकलते. आणि तोच तापलेला आस ओढ्याच्या गार पाण्यात शिरला, म्हणजे आतली हवा आकसून पाणी ओढून घेते. काढलेले तेल दुधाळ दिसले, तर हेच घडले असे समजावे. कोकणात पावसाळ्यापूर्वी ब्रीदर साफ करण्याचा जाबता प्रत्येक मालकाने पाळावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता टायर. या गाड्यांत चारही चाके गतीला जोडली, की पुढचा व मागचा आस एकाच वेगाने फिरण्यास बांधले जातात. २३५/७५ आर १५ मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर भरतो. त्याच मापाचा, पण ६ मिलिमीटर नक्षी झिजलेला टायर व्यासात १२ मिलिमीटरने उणा असतो आणि दर किलोमीटरला सुमारे सात फेरे अधिक घेतो. पुढे नवे व मागे जुने असे टायर घातले, की हा फरक चिखलात घसरून निघतो. पण डांबरी सडकेवर तो सांधे, शाफ्ट आणि बेअरिंगे यांवर ताण होऊन बसतो. म्हणून टायर चारही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे व समान झिजेचे असावेत, आणि कोरड्या सडकेवर चारही चाके जोडून चालवू नये. दिखाऊपणासाठी रुंद टायर व बाहेर निघालेल्या रिमा बसविणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की चाक जितके बाहेर सरकते तितका बेअरिंगांवरचा भार वाढतो, आणि ढिल्या बेअरिंगापाशी सील टिकत नाही.

नक्षीच्या बाबतीत, ज्याची बहुतेक वाटचाल सडकेवर असून शेवटचे चार मैल तेवढे मातीचे आहेत, त्याला मिश्र वापराचा ए. टी. टायरच योग्य; खास चिखलासाठीचा एम. टी. टायर चिखलात उत्तम पकडतो, परंतु ओल्या सडकेवर ब्रेक लावताना त्याची पकड कमी पडते. भारांक १०५ म्हणजे प्रत्येक टायरला ९२५ किलो, हा हिशेब मालासह करावा. कडेवरील चार अंकांत आधी आठवडा व मग वर्ष असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खरेदीपूर्वी ती तारीख दुकानातच वाचावी, आणि स्टेपनीही त्याच मापाची मागून घ्यावी.