शहरातील सायकलस्वार

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आता तेथे मोटारींची दाटी झाली आहे. पण सायकल शिकणारी मुले आजही आहेतच.

पहिला धडा तोलाचा. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस याने बनविलेल्या दुचाकीला पायडले नव्हतीच. स्वार पायांनी जमीन रेटीत पुढे जाई. नवशिक्यानेही आरंभी तसेच करावे. बैठक इतकी खाली घ्यावी, की दोन्ही पाय जमिनीस टेकतील. ज्या बाजूस सायकल कलते, त्याच बाजूस हँडल किंचित वळविले म्हणजे ती सावरते. मन नेमके उलट सांगते, आणि म्हणूनच गुडघे फुटतात!

तोल साधला म्हणजे रस्ता साधला, असे मात्र नव्हे. लक्ष्मी रस्त्यावर जाण्यापूर्वी सकाळच्या शांत गल्ल्यांतून एका हाताने इशारा करणे व हँडल न हलविता मागे पाहणे अंगवळणी पडले पाहिजे. डावीकडून जावे, पण उभ्या मोटारींना खेटून नव्हे. त्यांचे दार अकस्मात उघडते.

सर्वांत मोठा धोका चौकात असतो. बस डावीकडे वळू लागली, की तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात आणि बस व पदपथ यांमधली जागा पाहता पाहता मिटते. तेथे शिरलेला सायकलस्वार चालकाला पुष्कळदा दिसतही नाही. मग दिवा हिरवा असला काय किंवा घंटा वाजविली काय! जाणता स्वार बसच्या मागेच थांबतो. पाठीमागची वाहने भोंगे वाजवितात. तो ते खुशाल वाजवू देतो.