ट्रायपॉड घेताना आधी लॉक पाहा

ट्रायपॉड घ्यायला गेलेला माणूस दुकानात साधारण तीनच गोष्टी विचारतो: वजन किती, उंची किती, किंमत किती. पायांच्या नळ्या जिथे आवळल्या जातात त्या लॉककडे त्याचं लक्ष बहुधा घरी आल्यावर जातं. वापरताना मात्र हात सगळ्यात जास्त वेळा लागतो तो लॉकलाच. तीन टप्प्यांच्या पायाला दोन लॉक, म्हणजे एका ट्रायपॉडला 6. चार टप्पे असतील तर 9, आणि सॅकमध्ये सहज मावणारा पाच टप्प्यांचा घेतलात तर 12. सूर्योदयाआधी अंधारात हे सगळे उघडायचे, आवळायचे आणि निघण्याआधी पुन्हा मिटायचे.

बाजारात प्रकार मुख्यतः दोन. फ्लिप लॉकला खटका असतो. तो दाबला की नळीभोवतीचा पट्टा आवळतो, सायकलची सीट वरखाली करण्याच्या खटक्यासारखाच. ट्विस्ट लॉकमध्ये रबरी वेष्टणाची कडी फिरवायची. कडी आट्यांवर चढते आणि आतल्या प्लॅस्टिकच्या निमुळत्या पट्ट्या दोन नळ्यांमधल्या फटीत घट्ट बसतात.

फ्लिप लॉकचा मोठा गुण म्हणजे तो लागलाय की नाही हे लांबूनही दिसतं. लग्नाच्या हॉलमध्ये, गर्दीत, सतत जागा बदलत काम करणाऱ्यांना ही खात्री फार मोलाची. पकड सैल झाली तर बहुतेक चांगल्या ट्रायपॉडमध्ये पट्ट्याचा स्क्रू किंचित आवळला की काम भागतं. पण खटका बाहेर आलेला असतो. कारवीच्या झुडपांतून वाट काढताना तो अडकतो, सॅकच्या पट्ट्यात गुंततो. स्वस्तातला प्लॅस्टिकचा खटका तुटला की तो पाय निकामी. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना आणखी एक अडचण: शांत पाणवठ्याजवळ खटक्याचा आवाज पक्ष्यांना लगेच कळतो.

ट्विस्ट लॉक सडपातळ असतो, कुठे अडकत नाही. मिटलेल्या पायावरच्या सगळ्या कड्या एकाच मुठीत धरून थोड्या पिळल्या की पूर्ण पाय एका ओढीत उघडतो. एकदा सवय झाली की तो फ्लिपपेक्षा मागे पडत नाही. पूर्वी कडीबरोबर नळीही फिरायची. आता चांगल्या ट्रायपॉडमध्ये नळी फिरू नये अशी सोय आतच असते. ती नसलेला ट्विस्ट लॉक घेऊ नये, कितीही स्वस्त असला तरी. दोष एकच, पण गंभीर: कडी अर्धवट आवळली असेल तर डोळ्यांना कळत नाही. कॅमेरा चढवण्याआधी प्रत्येक पायावर हाताने भार देऊन पाहावा.

खरी परीक्षा होते ती कोकणात. गुहागर किंवा मालवणच्या किनाऱ्यावर लाट परतताना पाय वाळूत रुततात आणि बारीक वाळू, खारं पाणी थेट लॉकमध्ये जातं. ट्विस्ट लॉकच्या आट्यांत वाळू गेली की कडी फिरताना करकरते, आणि जोर लावला तर आटे झिजतात. पण हाच लॉक बहुधा हाताने पूर्ण उघडता येतो. कडी सोडवा, नळी बाहेर काढा, सगळं गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. पट्ट्या जशा होत्या तशाच परत बसवा आणि ग्रीसचा पातळ हात फक्त आट्यांवर द्या. पट्ट्यांना आणि नळीला ग्रीस लागलं तर पकडच जाते. फ्लिप लॉक असा सहज सुटा होत नाही. शिवाय त्याचे स्क्रू गंजतात. प्रकार कुठलाही असो, किनाऱ्यावर सगळ्यात खालचा, बारीक टप्पा आधी पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे सर्वांत खालचा लॉक पाण्याच्या वर राहतो. हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्यावर नेमकं उलट: तिथल्या वाऱ्यात बारीक टप्पा मिटलेलाच बरा, कारण तोच आधी थरथरतो.

माझं मत विचाराल तर पहिला ट्रायपॉड आणि बेताचं बजेट असेल तर धातूच्या खटक्याचा, स्क्रूने आवळता येणारा फ्लिप लॉक घ्यावा. असा फ्लिप स्वस्त असला तरी निदान दुरुस्त करता येतो. स्वस्त ट्विस्ट कधी घसरेल याचा नेम नसतो. समुद्रकिनारी, पावसात, डोंगरात नेहमी जाणार असाल आणि परतल्यावर सफाईला अर्धा तास द्यायची तयारी असेल, तर दोन पैसे जास्त घालून चांगला ट्विस्ट लॉक घ्या. ती तयारी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुकानात सगळे टप्पे उघडून लॉक लावा आणि वरून दोन्ही हातांनी दाबा. एकही नळी खाली सरकली तर तो ट्रायपॉड बाजूला ठेवा. पट्ट्या, खटके, स्क्रू सुटे मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. मिळत नसतील तर दुसऱ्या कंपनीचा पाहा.