व्यायामी आहारातील कार्बोहायड्रेटे

नियमित व्यायाम करणाऱ्या व्यक्तीला धान्ये, कंदमुळे, फळे, दूध, गूळ इ. पदार्थांतून मिळणारा प्रमुख ऊर्जाघटक. साध्या शर्करा, स्टार्च व तंतुमय पदार्थ हे त्याचे मुख्य प्रकार होत. शर्करा व स्टार्च यांच्या प्रत्येक ग्रॅमपासून सु. ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. शरीर कमावण्यास केवळ प्रथिनेच लागतात, या समजुतीने भाकरी व भात वर्ज्य करण्याची प्रवृत्ती आढळते; जोरकस व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीत ती अहितकारक ठरते.

साठा व उपयोग : स्टार्चाच्या पचनाने तयार झालेले ग्लुकोज रक्तात शोषले जाते. तत्काळ न लागणारे ग्लुकोज ग्लायकोजेनाच्या रूपात साठविले जाते. प्रौढ व्यक्तीच्या यकृतात सु. १०० ग्रॅ. व स्नायूंत सु. ४०० ग्रॅ. ग्लायकोजेन असते; म्हणजे हा साठा सु. २,००० किलोकॅलरींचा असतो. वसेचा साठा याच्या अनेकपट असला, तरी तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. त्यामुळे वेगाने धावणे, कुस्ती, जोर-बैठका यांसारख्या श्रमांत स्नायूंची भिस्त मुख्यतः ग्लायकोजेनावर असते. यकृतातील साठा रक्तातील ग्लुकोजाची पातळी राखतो व मेंदूला इंधन पुरवितो. साठा संपत आला की थकवा व घेरी जाणवते. आहारात कार्बोहायड्रेटे अपुरी पडल्यास प्रथिनांचा काही भाग इंधन म्हणून खर्च होतो आणि स्नायूंच्या भरणीस ती कमी पडतात.

स्वीडनमधील बर्गस्ट्रोम, हुल्टमन व सहकारी यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ठराविक जोराने सायकल चालविण्याची क्षमता वसा-प्रथिनप्रधान आहारानंतर सरासरी सु. ५७ मिनिटे, मिश्र आहारानंतर सु. ११४ मिनिटे व कार्बोहायड्रेटप्रधान आहारानंतर सु. १६७ मिनिटे टिकल्याचे आढळले.

प्रमाण : रोज सु. तासभर मध्यम व्यायाम करणाऱ्यास शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे ५ ते ७ ग्रॅ., तर हलक्या हालचालीस ३ ते ५ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे पुरेशी मानतात. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव परिसरात बाजरीची भाकरी हे परंपरागत मुख्य अन्न आहे. १०० ग्रॅ. बाजरीत ६० ते ६७ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे व सु. ११ ग्रॅ. प्रथिने असतात. ८० ग्रॅ. पिठाच्या एका भाकरीतून सु. ५० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे मिळतात. ६० किग्रॅ. वजनाच्या तालीमबाजाला दिवसाकाठी किमान ३०० ग्रॅ. लागतात, चार भाकरी, वाटीभर वरण-भात, पेलाभर दूध व एक केळे यांतून ती जवळजवळ भागतात. यंत्रमागावर तासन्‌तास उभ्याने काम करणाऱ्या कामगाराची गरज बैठ्या व्यावसायिकाहून जास्त असते. अर्धा तास फिरून दिवसभर गादीवर बसणाऱ्याने तालीमबाजाइतका आहार घेतल्यास जादा भागाची वसा बनून वजन वाढते.

वेळ व विशेष परिस्थिती : मुख्य जेवण व्यायामापूर्वी दोन ते तीन तास घ्यावे. पहाटेच्या व्यायामापूर्वी केळे किंवा गुळाचा खडा पुरतो. तासाभराहून कमी व्यायामात पाण्याखेरीज काही लागत नाही. व्यायामानंतरच्या जेवणात कार्बोहायड्रेटांबरोबर डाळ, दूध वा अंडी असावीत. रमझानच्या रोज्यात संध्याकाळपर्यंत यकृतातील साठा बराच घटलेला असतो. म्हणून जोराचा व्यायाम इफ्तारनंतर काही वेळाने करणे इष्ट ठरते. एकादशी वा नवरात्रातील साबुदाण्यात स्टार्च विपुल, पण प्रथिने अत्यल्प असल्याने त्याला दूध व शेंगदाण्यांची जोड द्यावी.

मधुमेही व्यक्तींनी, विशेषतः इन्शुलीन घेणाऱ्यांनी, व्यायाम व आहार यांची सांगड वैद्याच्या सल्ल्याने घालावी. कारण व्यायामाने रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. इतरांनी साखर व मैदा मर्यादित ठेवून कोंड्यासह दळलेली धान्ये, डाळी व फळे यांवर भर द्यावा. त्यांतील तंतुमय पदार्थांमुळे पचन सावकाश होते व ऊर्जा दीर्घकाळ मिळत राहते.